काट्यावरचे वजन आणि अंगातला उतारा



उसाची गाडी काट्यावर चढली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती टन भरली?’ त्यात वावगे काही नाही. परंतु टनेज म्हणजे सर्व काही नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वजन भरपूर आणि उतारा नाही, असा पाणचट ऊस गाळून ना कारखान्याचे भले, ना सभासदाचे. उसाचा रास्त आणि किफायतशीर दरसुद्धा १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरून ठरतो आणि उतारा वाढला तर दर वाढतो. काटा वजन सांगतो. त्या वजनात माल किती, हे प्रयोगशाळेत कळते.

एवढे व्यवहारज्ञान असलेले आपण लोक स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र एकट्या काट्यावर भरवसा ठेवून बसतो. वजन वाढले की घाबरतो, उतरले की पेढे वाटतो. जे उतरले ते काय उतरले, चरबी की मांस, हे कोणी विचारीत नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. आणि तो आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाही. हा धडा आम्ही स्वतः घेतला आहे आणि तो चांगलाच महागात पडला आहे.

आमचे वडील मोट हाकीत. शाळेतून आलो की आम्ही त्यांच्या हाताखाली. वैरणीचा भारा डोक्यावर, बियाण्याचे पोते खांद्यावर आणि रात्रीचे बारे द्यायला चिखलात उभे, असे आमचे तरुणपण गेले. व्यायाम हा शब्द उच्चारायची तेव्हा गरज नव्हती. पुढे विहिरीवर मोटार बसली. सायकल गेली, मोटारसायकल आली. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. ठिबक आले, आणि ठिबकाचे माहेरघर तर आपले जळगावच. आता घरी ओसरीवर बसून मोबाईलवरून मोटार चालू-बंद होते. हे सगळे चांगलेच झाले. मोटेचे दिवस परत यावेत असे म्हणणाऱ्याने मोट कधी हाकलेली नसते.

पण कष्ट सुटले आणि खाणे तेवढेच राहिले, किंबहुना वाढले. सोसायटीची बैठक झाली की चहा, लग्नसराईत वरण-बट्टीवर तुपाची धार, पाहुणा आला की शेवभाजीची तर्री. बसणे वाढले, उठणे कमी झाले. अशी पंधरा-वीस वर्षे निघून गेली. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आमचे वजन ८८ किलो भरले आणि डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले, ‘शुगर आहे.’ साखर कारखान्याच्या सभासदाला अशी साखर मिळावी, हा नशिबाचा विनोदच म्हणायचा!

मग आम्ही हट्टाला पेटलो. डॉक्टरांनी वजन कमी करा एवढे सांगितले होते. ते कसे करायचे ते आम्ही आमच्या मनाने ठरविले. रात्रीचे जेवण बंद. सकाळी अर्धी भाकरी आणि दुधी-काकडी. डाळ वातूळ म्हणून सोडली, दूध जड म्हणून सोडले. पहाटे उठून पाटाच्या रस्त्याने पाच किलोमीटर चालायचे. सहा महिन्यांत १४ किलो वजन उतरले. सदरे ढगळ झाले. रक्तातली साखरही खाली आली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वार्षिक सभेच्या दिवशी मंडळींनी पाठ थोपटली. एक-दोघांनी मात्र हळूच विचारले, ‘भाऊ, तब्येत बरी नाही का?’ आम्हाला वाटले, जळतात!

त्याच वर्षी डिसेंबरात नव्या खोडव्याचे फुटवे कसे आलेत ते पाहायला आम्ही वावरात गेलो आणि सरीत उकिडवे बसलो. दोन-चार बुडखे पाहिले आणि उठू लागलो, तर उठताच येईना. गुडघ्यात दुखत नव्हते, चक्कर नव्हती, नुसते मांड्यांत बळ नव्हते. हात टेकला, कलंडलो, पुन्हा बसलो. आपल्याच वावरात, आपल्याच सरीत, लहान मुलासारखे! शेजारच्या फडात तोड चालू होती. टोळीतली एक बाई ते पाहून धावत आली. ‘आबा, हात द्या,’ म्हणाली आणि एका हिसक्यात आम्हाला उभे केले. मग परत गेली, उसाची मोळी डोक्यावर घेतली आणि फळीवरून ट्रकवर चढली. वयाने ती आमच्यापेक्षा फार लहान नसावी. वजनाने तर आमच्या निम्मीच असेल.

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही काट्यावर चढलो नाही. काट्याने आपल्याला अर्धीच हकिगत सांगितली, हे तेव्हा पहिल्यांदा समजले.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे समजावून सांगितले, आणि पुढे आम्ही जे वाचले-विचारले, ते साध्या भाषेत असे. माणूस नुसता खाणे कमी करून वजन उतरवतो तेव्हा जे उतरते त्यात साधारण तीन हिस्से चरबी असते आणि एक हिस्सा मांस, म्हणजे स्नायू वगैरे. प्रथिने कमी पडली, उपास कडक झाला किंवा स्नायूंना काही कामच दिले नाही, तर हा दुसरा हिस्सा आणखी वाढू शकतो. शरीराचा हिशेब कंजूष शेतकऱ्यासारखा आहे. जो बैल औताला जुंपला जात नाही, त्याला वैरण कोण घालणार? आधीच बसून बसून स्नायू झिजलेले, त्यात वयाची घट. तिशी-चाळिशीनंतर ती हळूहळू सुरू होते आणि साठीनंतर वेग धरते. त्यावर आम्ही उपासाची कुऱ्हाड घातली.

स्नायू किती चटकन जातात, याचे एक उदाहरण पाहा. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी १२ निरोगी वृद्ध माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले. एवढ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सरासरी सुमारे एक किलो मांस गेले. आपल्याकडे कोणी आजारी पडले की घरचे म्हणतात, ‘उठू नका, पडून राहा.’ प्रेमापोटीच म्हणतात. पण गरजेपेक्षा जास्त पडून राहणे म्हणजे आजारावर दुसरा आजार, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, ‘आम्ही तर पहिल्यापासून किडकिडीत, आमचा ह्या लेखाशी संबंध काय?’ त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजन काढायचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. म्हणजे काट्याच्या हिशेबाने दोघेही सडपातळ, दोघेही निर्दोष. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक डॉक्टरांची २१.२ टक्के! टनेज एक, उतारा वेगळा. स्वतःचाच देह जगापुढे ठेवून या मराठी डॉक्टरांनी आपल्या सर्वांची कुंडली मांडली, असे आम्हाला वाटते.

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळेही तपासली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडची साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळे हाडा-मांसाने बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. म्हणजे मांस कमी आणि चरबी जास्त हा वारसा आपण जन्मतःच घेऊन येतो. अशा देहाचे जे थोडेसे भांडवल, ते उपासात उडवून टाकणे म्हणजे बेणे मोडून खाण्यासारखे आहे.

आणि मधुमेहाशी ह्याचा संबंध अगदी जवळचा आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शरीरात कुठेतरी साठवावी लागते. तिचे सर्वांत मोठे गोदाम म्हणजे आपले स्नायू. गोदाम लहान झाले तर माल कुठे जाईल? हंगामात गोदाम भरले की पोती बाहेर ताडपत्रीखाली रचावी लागतात, हे आपण पाहतोच. तशी ती साखर रक्तात राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून अधिक. यांना सगळे जण ‘वजन कमी करा’ म्हणून सांगतात, आणि ते खरेही आहे. पण ‘गोदाम राखून वजन कमी करा’ हे पुरे वाक्य कोणी सांगत नाही. अलीकडे वजन उतरविणारी इंजेक्शने निघाली आहेत; २०२५ साली ती आपल्या देशातही विक्रीला आली. योग्य रुग्णाला डॉक्टर ती देतात, आणि ती गुणकारीही आहेत. पण त्यांनी भूक मरते आणि खाणे घटते, तेव्हा चरबीबरोबर मांसही जाते. म्हणून ज्यांनी ती घेतली त्यांना तर हा लेख दुप्पट लागू आहे.

इथवर वाचून कोणी निराश झाले असेल, तर आता चांगली बातमी ऐका. गेलेले मांस परत येते. १९९० साली बोस्टन येथे एका वृद्धाश्रमातील दहा जणांवर प्रयोग झाला. त्यांचे सरासरी वय किती? नव्वद! सर्वांत मोठे शहाण्णव वर्षांचे. त्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम, नीट देखरेखीखाली, हळूहळू वाढवीत दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीच पटीहून अधिक झाली, आणि मांडीचा स्नायू सुमारे नऊ टक्क्यांनी भरला. नव्वदीत हे होते तर आपण साठीतले लोक कशाला हातपाय गाळावेत?

दुसरा प्रयोग नेमका आपल्या प्रश्नावरचा आहे. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पासष्टीपुढचे १६० लठ्ठ स्त्री-पुरुष घेतले. तीन गटांना वजन उतरविण्याचा आहार दिला; एका गटाला त्याबरोबर चालण्यासारखा दमश्वासाचा व्यायाम, दुसऱ्याला वजने उचलण्याचा, तिसऱ्याला दोन्ही. चौथा गट तुलनेसाठी तसाच ठेवला. सहा महिन्यांत तिन्ही गटांचे वजन सारखेच, नऊ टक्के उतरले. काट्यावर तिघेही पास. पण चरबी सोडून उरलेले अंग पहिल्या गटाचे पाच टक्के घटले, वजने उचलणाऱ्यांचे दोन टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचे तीन टक्के. उठणे, बसणे, चालणे, जिना चढणे यांत सर्वांत जास्त सुधारणा झाली ती दोन्ही करणाऱ्या गटाची. तेव्हा चालणे सोडू नका, हृदयाला ते हवेच. पण नुसत्या चालण्यावर विसंबून वजन उतरवू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऊस तोडून नेला म्हणजे संपला असे आपण मानीत नाही. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट नीट ठेवले, वेळेवर खत-पाणी दिले, तर खोडवाही चांगला येतो. मात्र नुसते पाणी सोडून दुर्लक्ष केले तर खोडवा विरळ होतो. देहाचे तसेच आहे. ज्याने तरुणपणी कष्ट केले आहेत त्याचा बुडखा जिवंत आहे. पूर्वी एकदा कमावलेली ताकद नव्याने कमवायला लागते त्यापेक्षा लवकर परत येते, असा अभ्यासकांचाही अनुभव आहे.

खत म्हणजे प्रथिने आणि मशागत म्हणजे ताकदीचा व्यायाम. दोन्ही पाहिजेत.

आधी मशागत. आमचा एक बालमित्र हे ऐकून म्हणाला, ‘माले आते काय पयलवान व्हवानं शे का?’ नाही दादा, पैलवान व्हायचे नाही. चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा सबंध खान्देशाची छाती फुगली. ती कामे त्यांची. आपल्याला एवढेच करायचे आहे की सरीत बसलो तर कोणाचा हात न धरता उठता आले पाहिजे, नातवंड कडेवर घेता आले पाहिजे आणि पाय घसरला तर तोल सावरता आला पाहिजे.

त्यासाठी यंत्रे नकोत. आम्ही सुरुवात केली ती अशी. पक्क्या खुर्चीवर बसायचे, हात छातीवर बांधायचे आणि हातांचा टेका न घेता उठायचे, पुन्हा सावकाश बसायचे. पहिल्या दिवशी आम्हाला चारच जमल्या. दुसरे, भिंतीला तळवे लावून उभ्यानेच जोर. पुढे ओट्याच्या कठड्यावर, आणखी पुढे जमिनीवर. तिसरे, पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन दोन हातांत धरून अंगणात फेऱ्या. चौथे, तेच कॅन कमरेतून किंचित वाकून पोटाकडे ओढणे. पाचवे, पायरी चढणे-उतरणे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेरे. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत; अजिबात जड जात नसतील तर वजन वाढवायची वेळ झाली असे समजावे. श्वास कोंडून धरू नये. आपल्याकडचा उन्हाळा सर्वांना माहीतच आहे. चैत्र-वैशाखात पहाटेच उरकावे.

ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ अथवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर आणि इन्सुलिनवर असलेल्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी खूण दिसली तर लगेच थांबून साखर तोंडात टाकावी. खिशात पुडी असू द्यावी. एरवी कमी खा म्हणून सांगितलेली आपली साखर इथे मात्र जीव वाचवते.

आता खत. साठीच्या आसपासच्या माणसाला किलोमागे रोज एक ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने हवीत, असे जाणकार सांगतात. ७० किलोच्या माणसाला ७० ते ८० ग्रॅम. डब्यातली महागडी पावडर घेतलीच पाहिजे असे नाही. आपल्या आजी-आईने कळण्याची भाकरी कशासाठी काढली? ज्वारीत उडीद मिसळून दळले की धान्याची उणीव डाळ भरून काढते आणि डाळीची धान्य. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने, तर उडदात तेवीसच्या आसपास. दोन कळण्याच्या भाकरी म्हणजे २० ग्रॅम झाले. दोन वाट्या घट्ट वरण, १३. वाटीभर मटकीची उसळ, ९. दिवसात अर्धा लिटर दूध, १६. वाटीभर दही, ५. मूठभर भाजलेले शेंगदाणे, ७. बेरीज करा, ७० झाली. जे अंडी खातात त्यांना एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. हे तिन्ही वेळच्या जेवणात वाटून घ्यावे. सकाळी नुसता चहा आणि रात्री सगळे, असे नको. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टरच ठरवतील.

मग कमी काय करायचे? शेवभाजीवरची तर्री, तळलेले, पंगतीतला आग्रह, दिवसाचे सहा गोड चहा. कारखान्याच्या मुखपत्रात साखर कमी खा असे लिहिताना हात थोडा अडखळतो खरा! पण साखर विकण्यासाठी आहे, सगळी आपणच संपवली पाहिजे असे उपविधींत लिहिलेले नाही. वजन आठवड्याला अर्धा किलोच्या वेगाने उतरले तरी पुष्कळ. महिन्यात दहा किलो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये.

आमचे स्वतःचे म्हणाल तर आज आमचे वजन ७६ आहे, म्हणजे त्या ‘विक्रमा’पेक्षा दोन किलो जास्त. कमरेचा पट्टा मात्र तेव्हापेक्षा एक भोक आत गेला आहे. साखर ताब्यात आहे. वर्षभर लागले, मधे दोनदा कंटाळून सोडले आणि पुन्हा धरले. पण गेल्या हंगामात त्याच सरीत उकिडवे बसलो आणि हात न टेकता उठलो. कोणी पाठ थोपटली नाही, कारण कोणी पाहिलेच नाही. तरी जन्मात एवढा आनंद थोड्या वेळा झाला असेल.

इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. पहिली घरातल्या बायकांची. त्यांना वाटते, दिवसभर राबतो तोच व्यायाम. पण पाळी गेल्यानंतर त्यांची हाडे आणि स्नायू दोन्ही झपाट्याने झिजतात, आणि ताटात वरण शेवटी उरेल तेवढेच त्यांच्या वाट्याला येते. उपास-तापासही त्यांचेच. घरात कर्ता पुरुष प्रथिनांचा हिशेब करू लागला आणि घरच्या माउलीचे ताट तसेच राहिले, तर त्या सुधारणेला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला हात देणाऱ्या त्या बाईची. तिचे बळ पाहून आम्ही लाजलो. पण तिचे आयुष्य म्हणजे व्यायाम नव्हे. पहाटेपासून रात्रीपर्यंत, विश्रांती नाही, पोटाला पुरेसे नाही, असे कष्ट देह कमवीत नाहीत, झिजवतात. मशागत आणि ओरबाडणे यांत फरक आहे. आपण ताकदीसाठी ओझे उचलणार, ती पोटासाठी उचलते. आपल्या आरोग्याचा विचार करताना फडातल्या माणसांच्या आरोग्याचा विसर पडू नये, एवढी जाण सहकारात असलीच पाहिजे.

शेवटी आमच्या सूचना. सभासदांसाठी आरोग्य शिबिर भरते तेव्हा वजन आणि रक्तातली साखर घेतली जाते. त्यात दोन तपासण्यांची भर घालावी. एक, खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरविलेल्या मापानुसार १२ सेकंद किंवा अधिक लागले तर स्नायू कमजोर असल्याची शंका घ्यावी. ह्याला एक खुर्ची आणि एक घड्याळ पुरते. दुसरी, मुठीची ताकद. पुरुषांची २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी भरली तर ती अपुरी समजतात. त्याचे यंत्र लहान आहे आणि एका यंत्रावर सबंध कार्यक्षेत्राचे काम भागेल. तिसरी सूचना अशी की, गावोगाव ज्या जुन्या तालमींच्या खोल्या कुलूप लावून पडल्या असतील, त्या सकाळी एक तास चाळिशीपुढच्यांसाठी उघडाव्यात. आठवड्यातले दोन दिवस भगिनींसाठी ठेवावेत. मातीत उतरायचे नाही, फक्त उठा-बशा आणि भिंतीवरचे जोर. आणि चौथी, जी फुकट आहे: कोणाचे वजन उतरले म्हणून त्याची पाठ थोपटण्याआधी त्याला खुर्चीवरून उठायला सांगा.

काही सभासद म्हणतील, दर, पाणी आणि वीज हे प्रश्न असताना हे काय काढले? ते प्रश्न मोठे आहेतच. पण ते प्रश्न घेऊन सभेत उभे राहायला पायांत बळ लागते, बंधूंनो. आज घरी गेलात की एक पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, घरातल्या कोणाला तरी घड्याळ धरायला सांगा आणि हात न टेकता पाच वेळा उठा. मग कोणते काम आधी करायचे, ते तुमचे तुम्हालाच कळेल.

कळावे. जय सहकार!